अम्मीची बोटं आणि भिगवणची पाहणी

(कोरेगाव येथे झालेल्या युवक-युवतींच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मेळाव्यांत तलाक, शिक्षण, शिष्यवृत्ती, नोकऱ्या, घटना असे विषय ठरलेले असतात. ते हवेतच. मला संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "मी सांध्यांवर बोलणार." पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग विचारलं, "म्हणजे हिंदू-मुस्लिम सांधे जोडण्यावर का?" मी म्हटलं, "नाही हो. गुडघे, मनगटं, बोटं. खरेखुरे सांधे." तर आज त्याबद्दल बोलते. शेवटी हा विषय आपल्या चळवळीचाच आहे, हे तुम्हाला पटेल अशी आशा आहे.

मी याच तालुक्यातली. इथला वाघ्या घेवडा तुम्हाला सांगायला नको. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आपण ते अभिमानानं सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी घेवडा निवडायचं काम यायचं. पसाभर घेवडा सुपात घ्यायचा, खडा-कचरा वेचायचा, डागी दाणा बाजूला काढायचा. अम्मीचा हात इतका चपळ की शेजारच्या मावशी म्हणायच्या, हिच्या बोटांना डोळे आहेत.

मी सातवीत असताना अम्मीच्या हातातून सूप पडलं. मग रोज सकाळी तिला पिठाच्या डब्याचं झाकण उघडेना. हात गरम पाण्यात बुडवून बसायची. दहा-अकरा वाजले की बोटं जरा मोकळी व्हायची. तेव्हा ती ३४ वर्षांची होती.

घरात तीन निदानं झाली. दादी म्हणाली, नजर लागली. अब्बा म्हणाले, थंड पाण्यात कपडे धुते म्हणून वात धरला. तिसरं निदान कुणी तोंडावर बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं, की कामाचा कंटाळा आला आहे. दुपारी तर चांगली चालते-फिरते, मग सकाळीच कसं दुखतं?

मग कुणीतरी एका माणसाचं नाव सांगितलं. बाजाराच्या दिवशी बसायचा, जडीबुटीची पुडी द्यायचा. पुडीनं गुण आला, आणि तो तिसऱ्याच दिवशी आला. अम्मी पुन्हा सूप धरू लागली. आम्ही त्याला दुवा दिल्या. दोन वर्षं ती पुडी चालली. अम्मीचा चेहरा गोल झाला, सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. मग साखर वाढली. मग एकदा पुडी आणायची राहिली आणि अम्मी अंथरुणातून उठेना. शेवटी ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चेहरा बघूनच विचारलं, "पुडी कुठली?" जडीबुटीत स्टेरॉईड कुटून घातलेलं असणार, असं ते म्हणाले. आणि दुसरा प्रश्न विचारला, जो दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता: "सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

या एका प्रश्नानं रोगाला नाव मिळालं. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पण तोपर्यंत तिच्या उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. ती आजही तशीच आहेत. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, प्रयोगशाळेत गेले, त्यामागे ती बोटं आहेत. एवढं सांगून अम्मीचा विषय बाजूला ठेवते.

हा रोग आहे तरी काय? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी फौज असते, हे शाळेत शिकलो. समजा, आपल्या मोहल्ल्यानं चोरांसाठी रखवालदार ठेवला. एके दिवशी तो मोहल्ल्यात जन्मलेल्या माणसालाच अडवून म्हणू लागला, तू इथला नाहीस, कागद दाखव. आणि कागद दाखवले तरी काठी हाणू लागला. हा अनुभव कसा असतो, ते आपल्याला फार समजावून सांगायला नको. शरीरात असं घडतं तेव्हा त्याला ऑटोइम्यून, म्हणजे स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर हल्ला झाला की आमवात. त्वचा, मूत्रपिंड, रक्त, सांधे अशा अनेक ठिकाणी झाला की ल्युपस.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांचं म्हणणं होतं की शरीर स्वतःवर उलटणं टाळतंच. त्यानंतर कित्येक वर्षं अनेकांना हे असे रोग असतील हेच पटत नव्हतं. मग प्रश्न उलटा झाला: रखवालदार बहुतेक वेळा नीट वागतो, तो कशामुळे? जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की फौजेतच काही पेशी अशा असतात, ज्या बाकीच्यांना आवर घालतात. अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या आवरण्यामागचं जनुक शोधलं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ज्या प्रश्नानं माझी अम्मी सकाळी पिठाच्या डब्यापाशी रडायची, त्या प्रश्नावर आज जगातली उत्तम डोकी काम करत आहेत.

आता आपल्या जवळ येऊ. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण लागतं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात म्हणून आपल्याला माहीत आहे. सांध्यांच्या रोगांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक मात्र ते नाव वेगळ्या कारणानं ओळखतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विकसनशील देशांत, दवाखान्यात न येणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन सांधेदुखी मोजायची, हा त्यामागचा विचार. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवणमध्ये हे काम सुरू केलं.

पद्धत अगदी साधी. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक घरोघर गेले. दुखतं का, एवढं विचारलं. दुखतं म्हणणाऱ्याला माणसाच्या आकृतीचं चित्र दाखवून कुठं दुखतं ते विचारलं. मग त्याच माणसांना तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासलं. ४,००० हून अधिक प्रौढांची नोंद झाली. त्यांतल्या १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांध्यांचा किंवा स्नायूंचा काही ना काही त्रास होता. आणि आमवात? साधारण ०.५ टक्का. म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक.

दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. आपापला मोहल्ला डोळ्यांसमोर आणा. जिथं दोन हजार प्रौढ माणसं राहतात, तिथं या हिशेबानं दहा जणांना हा रोग असेल. त्या दहांतली तुम्हाला किती माहीत आहेत? बाकीची कुठल्या घरात, कुठल्या पुडीवर आहेत? त्याआधी दिल्लीचे डॉ. ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या गावांत केलेली पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथं हे प्रमाण ०.७५ टक्के निघालं. युरोप-अमेरिकेतले आकडेही याच्याच आसपास आहेत. म्हणजे "हे शहरातल्या, आरामात राहणाऱ्यांचं दुखणं, कष्ट करणाऱ्याला होत नाही" या समजुतीला आधार नाही. कष्ट करणाऱ्याला होतं, फक्त त्याचं कुणी लिहून घेत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते. ती मला स्वतःला फार उशिरा कळली आणि कळली त्या रात्री झोप लागली नाही.

अम्मी आठवड्यातून एकदा एक पिवळी गोळी घेते. मेथोट्रेक्सेट. आमवातावरचं जगभरातलं पहिलं औषध तेच. ही गोळी कुठून आली, याचा मी माग काढत गेले आणि पोहोचले मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगानं मरत होत्या आणि कारण सापडत नव्हतं. तिनं मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबर मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचं राहणं-खाणं तपासलं. कोण काय खातं, किती खातं, कुणाला रोग होतो. तिला दिसलं की सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुस्लिम बायकांचा आहे आणि हा पंडुरोगही त्यांनाच जास्त गाठतो. म्हणजे हा जंतूचा रोग नसावा, ताटात काहीतरी कमी असावं. मग उंदरांवर, माकडावर प्रयोग करत ती यीस्टच्या अर्कापर्यंत आली. पावाला लावायचा मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ. तो दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

तो घटक पुढे पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, १९४१ मध्ये. त्याचं नाव फॉलिक ॲसिड. आपल्याकडे गरोदर बाईला आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यात तेच असतं. मग अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते कृत्रिमरीत्या तयार केलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे, गरिबीतून वर आलेले. याच मंडळींनी फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण त्याचं काम अडवणारी रसायनंही बनवली. वेगानं वाढणाऱ्या पेशीला फॉलिक ॲसिड लागतं, ते अडवलं की पेशीची वाढ थांबते. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं मरणाऱ्या मुलांना यातलं एक औषध देऊन काही काळ का होईना रोग मागे हटवला. १९५१ मध्ये गुबनर या डॉक्टरनं तेच औषध आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सांध्यांची सूज उतरली. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं कॉर्टिसोनकडे. त्या स्टेरॉईडला १९५० चं नोबेल मिळालं होतं आणि पांगळी माणसं उठून चालताना दिसत होती. अम्मीच्या पुडीनं आम्हाला जसं भुलवलं, तसंच कॉर्टिसोननं जगाला भुलवलं होतं. त्याचे दुष्परिणाम हळूहळू उघड झाले. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत आमवातासाठी रीतसर मान्यता मिळायला १९८८ उजाडलं.

आता धागा जोडून बघा. मुंबईच्या चाळीतल्या, गल्लीतल्या गरीब मुस्लिम बायका, ज्यांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत. त्यांनी एका परक्या डॉक्टरणीला घरात येऊ दिलं, आपल्या ताटात काय असतं ते सांगितलं, रक्त दिलं. त्यातून फॉलिक ॲसिड, त्यातून त्याला अडवणारं औषध आणि त्यातून कोरेगावातल्या माझ्या अम्मीची गोळी. मेथोट्रेक्सेटचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळीही देतात. म्हणजे त्या बायकांच्या ताटात जे कमी होतं, तेच आज अम्मीच्या डबीत आहे. विज्ञान म्हणजे परक्यांचं काहीतरी, असं आपल्यातलं कुणी म्हणालं की मला त्या बायका आठवतात.

यावरून एक नाजूक गोष्ट बोलते. २०२० च्या सुरुवातीला देशात अनेक मोहल्ल्यांत पाहणीला आलेल्यांकडे संशयानं पाहिलं गेलं. नाव विचारलं, कुटुंबात किती माणसं विचारलं की लोक दार लावून घ्यायचे. ती भीती हवेतून आली नव्हती, मी तिची थट्टा करणार नाही. पण आरोग्याच्या संशोधनात आपण मोजले गेलो नाही, तर आपल्यासाठीची औषधं, दवाखाने, डॉक्टर यांचा हिशेब आपल्याशिवायच होणार. म्हणून दार लावण्यापेक्षा प्रश्न विचारा. कुठल्या संस्थेकडून आलात? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? संमतीपत्र मराठीत आहे का, उर्दूत आहे का? माझ्या रक्ताचं काय करणार? नाव गुप्त राहणार का? मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येईल का? हे विचारायचा तुमचा हक्क आहे आणि खरा संशोधक त्यानं खूशच होतो. उत्तरं समाधानकारक असतील तर सही करा, नसतील तर करू नका. नागरिकत्व म्हणजे हेच रोजचं काम आहे.

आता मुलींनो, थोडं तुमच्याशी. आमवाताच्या चार रुग्णांत साधारण तीन बायका असतात. ल्युपसमध्ये तर दहांत नऊ, आणि त्यातही तरुण, मूल होण्याच्या वयातल्या. बायकांनाच का? बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक निजवून ठेवावं लागतं. ते निजवणाऱ्या रेणूला 'झिस्ट' म्हणतात. त्याच्याभोवती गोळा होणारी प्रथिनं फौजेला डिवचतात, असं स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटानं २०२४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. थोडक्यात, हे आपल्या पेशींतच लिहिलेलं आहे. कुणाच्या पापाची सजा नाही, कुणाची नजर नाही.

पण समाज बाईच्याच माथी मारतो. मुलीला ल्युपस आहे हे लपवून निकाह लावला जातो. सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या जातात, मग चुकतात, मग मूत्रपिंडावर जातं. गर्भ राहून पडतो, तर दोष तिचाच. त्याच रोगाशी संबंधित एक रक्तदोष वारंवार गर्भपात घडवतो आणि त्यावर उपचार आहेत, हे कुणी सांगत नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाकविरुद्ध कायदा व्हायला २०१९ उजाडलं. पण "माहेरी जाऊन उपचार घे, बरी झालीस की ये" असं सांगून पाठवलेल्या बाईसाठी तीन शब्दांची गरजच पडत नाही. तिला तलाकही मिळत नाही आणि औषधही. आपल्या चळवळीनं या बाईचंही दार ठोठावलं पाहिजे. आणि मुलग्यांनो, बायकोच्या गोळ्या तुम्ही स्वतः दुकानातून आणा. पन्नास भाषणांनी होत नाही, तेवढं त्यानं होईल.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. घरी जाऊन सांगा.

सकाळी हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, मोकळे व्हायला अर्धा-पाऊण तासाहून जास्त लागत असेल आणि हे सहा आठवडे टिकलं असेल, तर वात म्हणून बसू नका. गालांवर उन्हानं वाढणारं लाल चट्ट्यांचं पुरळ, तोंडात फोड, केस गळणं, बारीक ताप, सांधेदुखी हे एकत्र असेल तरीही डॉक्टरांकडे जा. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, कारण हाड झिजलं की ते परत येत नाही.

रक्तात आर. ए. फॅक्टर निघाला म्हणजे आमवात झालाच असं नाही, आणि नाही निघाला म्हणजे सुटलो असंही नाही. अहवाल डॉक्टरांनी हात बघूनच वाचायचा असतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यानं माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. घरातल्या कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक आहे, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. त्या काळात चालणारी दुसरी औषधं आहेत.

स्टेरॉईड स्वतःच्या मनानं सुरू करू नका आणि बराच काळ चालू असेल तर एकदम बंदही करू नका. नाव नसलेली पुडी घेऊ नका. विडी-सिगारेट सोडा, तिनं आमवाताचा धोका वाढतो हे पक्कं आहे.

रमजान आला की अम्मीची आणि माझी दर वर्षी वादावादी होते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची मुभा कुरआननंच दिली आहे. पण कित्येक बायका रोजे सोडत नाहीत, गोळ्या सोडतात. रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याच औषधांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला जुळवता येतात. नाही जुळल्या तर रोजा थांबवा, गोळी नको. आणि जकात काढताना गल्लीतल्या एखाद्या बाईच्या रक्ततपासणीचा, महिन्याच्या औषधाचा विचार करा. कार्डावर तिचं नाव छापायची गरज नाही.

जे विज्ञान शिकत आहेत त्यांना एक विनंती. सांधेरोगतज्ज्ञ आपल्याकडे फार थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. या रोगांचा अभ्यास करणारे जनुकशास्त्रज्ञ हवेत, आकडेवारी सांभाळणारे हवेत, घरोघर जाऊन नीट प्रश्न विचारणारे तर फारच हवेत. भिगवणला जे झालं ते आपल्या तालुक्यातही होऊ शकतं, आणि तेव्हा दार ठोठावणारी तुमच्यातलीच एखादी असली तर दार लवकर उघडेल.

येताना अम्मीला विचारलं, काय सांगू लोकांना? ती घेवडा निवडत होती. आता निवडते, हळूहळू, डाव्या हातानं. म्हणाली, "सांग, मी कामचुकार नव्हते."

ते सांगितलं.